कुत्रीला घेऊन नागपूरला

गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, त्या सुमाराची ही गोष्ट. नागभीडच्या आत, जंगलाला लागून असलेल्या एका गावात मी नर्सबाई होते. नवरा तिथल्याच शाळेत मास्तर. आम्ही राहत होतो त्या खोल्यांत आधी एक फॉरेस्ट गार्ड राहायचा. त्याची बदली झाली, सामान ट्रकमध्ये गेलं आणि त्याची तांबडी कुत्री दारात तशीच बसून राहिली.

मला कुत्र्यांची आवड नव्हती. पण लसीची पेटी खांद्याला लावून मी आसपासच्या गावांना निघाले की ती आपणहून पुढं चालायला लागायची. पायवाटेवर मध्येच थांबून तिनं कान टवकारले की मीही थांबायचे. एकदा रानडुकरांचा कळप असा तिच्यामुळंच आधी कळला. कुणाकडं बाळंतपण लांबलं तर ती अंगणात पडून राहायची, मी बाहेर आले की अंग झटकून उठायची. तिला आम्ही नाव ठेवलं नाही. यू-यू केलं की येत होती.

त्या वर्षी होळीला माझा धाकटा दीर आला. तो सिंदेवाहीकडं आमच्या सासरच्या गावी थोडंसं धान पिकवायचा आणि उन्हाळ्यात बांबू तोडायला जायचा. घराच्या लाकडांना उधळी, म्हणजे वाळवी, लागून छपराची एक बाजू खाली बसली होती. लाकूड आणि छपराची कौलं, आमच्याकडचे कवेलू, घ्यायला त्याला पैसे पाहिजे होते. त्यानं भावाला न विचारता मला विचारलं, कारण घरातला पैसा मीच राखायचे.

"वहिनी, धान निघालं का वापस करतो."

"यंदा हातात काई नाई, भाऊजी," मी म्हटलं.

पोस्टात पैसे होते. नागभीडला प्लॉट घ्यायचा म्हणून मी ते जमवत होते. नोकरी लागल्यापासून खोली बघायला गेलं की घरमालक आधी आडनाव विचारायचे आणि आडनाव ऐकलं की खोली नुकतीच दुसऱ्याला दिलेली असायची. आपल्या नावाची जागा झाल्याशिवाय या पैशाला हात लावायचा नाही, असं मी ठरवलं होतं. हे मी दिराला सांगितलं असतं तर त्याला कळलं असतं. मी सांगितलं नाही. 'काही नाही' म्हणणं सोपं होतं.

"नाई तं नाई," तो म्हणाला. पोळी खाल्ली, आंघोळ केली आणि चारच्या बसनं गेला.

महिन्याभरात कुत्रीनं खाणं सोडलं. पाणी मात्र घमेलंभर प्यायची. पोट फुगत गेलं आणि मग तिच्या मागून पू यायला लागला. तो वास मला ओळखीचा होता. घरीच बाळंत झालेल्या, उशिरा बोलावणं आलेल्या बायांच्या खाटेजवळ तो मी घेतला होता.

तालुक्याचे जनावरांचे डॉक्टर भले होते. त्यांनी पोट दाबून पाहिलं.

"पिशवी पुवानं भरली हाये, बाई. काढून टाकली तं वाचेल. मी इथी बैल, म्हशी पाह्यतो, हे ऑपरेशन मले जमनार नाई. नागपूरले न्या, पन लवकर. सलाईन, औषधं सारं बाहेरून घ्या लागते. आठक दिवस राहा लागन. गावठी कुत्रीसाठी एवढं कोनी करत नाई, हे बी सांगून ठेवतो."

"अन् नाई नेलं तं?"

"मंग एक सुई देतो. तरास होनार नाई तिले."

मी सुई नको म्हटलं, आणि नागपूरला नेते असंही म्हटलं नाही. तिला बैलगाडीत घालून घरी आणलं. नवरा पेपर तपासत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"पैसा तुझा हाये," तो म्हणाला. "पन तू त्याले काई नाई म्हनून सांगतलं. माह्या भावाले."

"मले माहीत हाये."

"मंग?"

कुत्री पाण्याजवळ मान टाकून पडली होती. मी दाराशी गेले की शेपटीचं टोक हलवत होती. एखादी बाई अशी पडली असती तर मी तिच्या घरच्यांना दोन शब्द सुनावून बैलगाडी जुंपायला लावली असती. दिराचं छप्पर पडलं तरी तो मरणार नव्हता, कुत्री मरणार होती. असा हिशोब मी मनात मांडला. तो खोटा नव्हता. पण दीर दारात उभा राहिला असता तर मला तो त्याच्यासमोर मोठ्यानं म्हणता आला नसता, हेही तेव्हाच कळत होतं.

दुसऱ्या दिवशी पोस्टातून पैसे काढले. पोस्टमास्तर हसून म्हणाले, "काय बाई, झाला का प्लॉट?" मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

नवऱ्याला परीक्षेमुळं सुटी नव्हती. एकटीनं तिला उचलणं मला जमलं नसतं. "सोबत कोनी तं पायजे," तो म्हणाला आणि बाहेर गेला. कुणाला सांगायला गेला ते मी विचारलं नाही. सकाळी बसस्टँडवर पोचलो तर बांबूची मोठी टोपली घेऊन दीर उभा. भावानं सिंदेवाहीच्या बसच्या कंडक्टरजवळ निरोप धाडला होता. दिरानं माझ्याकडं पाहिलंही नाही. कुत्रीला अलगद उचलून टोपलीत ठेवलं आणि तिच्यावर आपला दुपट्टा टाकला.

नागभीडहून छोट्या लाइनच्या नॅरोगेज गाडीत बसलो. टोपली त्याच्या मांडीवर. डब्यातल्या एका माणसानं दुपट्टा वर करून पाहिलं.

"हे काय गा?"

"कुत्री हाये. ऑपरेशनले नेऊन राह्यलो."

"कुत्रीले ऑपरेशन!" तो डब्यातल्या लोकांकडं बघून हसला. "इथी मानसाले भेटत नाई."

सगळे हसले. दीर नाही हसला, मीही नाही. गाडी दर स्टेशनावर रेंगाळत होती. उमरेड गेल्यावर डबा थोडा मोकळा झाला, तेव्हा मी तोंड उघडलं.

"भाऊजी, होळीले मी तुमाले..."

"पैसे हायेत हे मले तवाच समजलं होतं, वहिनी. मागनाऱ्याले समजते."

"राग नाई आला?"

"आला ना. घरी जाऊन तुमच्या नावानं लय बोललो. काल निरोप आला तवा अजून बोललो."

"मंग आले काऊन?"

त्यानं ओंजळीत पाणी घेऊन कुत्रीच्या तोंडाशी धरलं. "हिनं काय केलं माह्यं?"

नागपूरला उतरताना टोपलीची एक बाजू मी धरली.

ऑपरेशन झालं. दीर तिचं तोंड धरून उभा राहिला, कारण भूल देताना ती माझ्यापेक्षा त्याच्या हातात शांत होती. मी औषधांच्या दुकानाच्या खेपा घातल्या. तिसऱ्या दिवशी ती उठून बसली, तेव्हा तो गावी जायला निघाला. स्टेशनवर मी उरलेल्या पैशातले बरेचसे त्याच्या हातात ठेवले. छपराला होतील, म्हटलं.

त्यानं ते माझ्या पर्समध्ये परत घातले. आवाज चढवला नाही.

"तवा दिले असते तं घेतले असते. कुत्रीच्या मागून उरलेले नाई घेत, वहिनी."

त्या पावसाळ्यात त्यानं पडलेल्या बाजूवर गवत टाकलं. श्रावणात मी गेले होते. पाणी टपकत होतं ती जागा सोडून जावेनं मला कोरड्या कोपऱ्यात बसवलं, चहा दिला आणि विचारलं, "कुत्री बरी हाये का वो?" ती साधेपणानं विचारत होती की टोचत होती, मला आजही सांगता येत नाही. बरी आहे, एवढंच मी म्हटलं. पुढल्या उन्हाळ्यात बांबूच्या मजुरीतून त्यांनी कवेलू चढवले. आम्हाला कळवलंसुद्धा नाही.

प्लॉट आम्ही चार वर्षांनी घेतला. कुत्री तोवर जगली, शेवटपर्यंत माझ्या पुढं चालायची. तिला नागपूरला नेलं याचा पस्तावा मला कधी झाला नाही. परत तशी वेळ आली तर मी तिला नेईनच, आणि म्हणूनच ही लाज कुठं नेऊन ठेवावी ते कळत नाही.

दीर नंतरही यायचा. मागायला कधीच आला नाही. कुत्री त्याला लांबून ओळखायची आणि धावत जायची. तो उंबऱ्यावर बसून आपल्या ताटातला भात तिच्यापुढं टाकायचा, तिच्याशी बराच वेळ बोलायचा. मी आत चुलीजवळ काहीतरी करत राहायचे.