ज्या कागदावर बाळाबाईचा अंगठा नव्हता

बोरगावात कुणालाही कागद करायचा झाला, की लोक माझ्याच ओट्यावर यायचे. माझं अक्षर बरं होतं आणि तोंड त्याहून बरं. तेव्हा खोटं कशाला बोलू, पुढं सांगतोय ती चूक माझीच.

१९३१ साली भुजबलीनं विहिरीसकट मळा धनपालला विकला आणि तंबाखूच्या धंद्यासाठी तो निपाणीला गेला. त्याची थोरली बहीण बाळाबाई तरुणपणीच विधवा झालेली, मळ्याशेजारच्या खोलीत एकटी राहायची. चामडं लागलेलं पाणी प्यायचं नाही, हे तिचं व्रत. म्हणून भुजबलीनं अट घातली, की आक्का जिवंत आहे तोवर धनपालनं विहिरीत चामड्याची मोट सोडायची नाही. धनपालही जैनच, लगेच कबूल झाला. मी लिहून घेतलं. दारात उभ्या बाळाबाईनं विचारलं, "माझा अंगठा?"

"देणारा एक, घेणारा एक. तुमचा मधी काय संबंध, आक्का?" मी म्हणालो. लई शहाणा होतो मी.

सात वर्षं धनपालनं शब्द पाळला. बाळाबाई रोज घागर भरून आणायची, पाणी दुहेरी फडक्यातून गाळायची आणि फडक्यावर राहिलेले बारीक जीव, म्हणजे जीवाणी, नेऊन त्याच विहिरीत हलकेच सोडायची. ज्या पाण्यातले जीव, त्याच पाण्यात परत गेले पाहिजेत, असा नियम.

मग धनपालच्या डोक्यात बागायत शिरली, आणि तिला मोटेचं पाणी हवं झालं. त्यानं निपाणीला जाऊन भुजबलीला पटवलं आणि दोघं माझ्याकडं आले. "मागील अट उभयतांच्या राजीखुशीनं रद्द," असं मी लिहिलं. बाळाबाईला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

विहिरीत मोट पडली त्या दिवशी ती जेवली नाही. मला लाज वाटली. चिकोडीच्या एका वकिलाला गाठलं. तो म्हणाला, "करार दोघांचा खरा, पण केला तिच्यासाठी. सात वर्षं ती त्याच्यावर जगली. आता तिला डावलून अट मोडता येत नाही, असं कोर्टात भांडता येईल." मी धावत येऊन बाळाबाईला सांगितलं.

"सख्ख्या भावावर फिर्याद करू व्हय रं?" एवढंच ती बोलली.

दुसऱ्या दिवसापासून ती दीड मैलावर, गावातल्या जैन बस्तीच्या, म्हणजे देवळाच्या, आडावर जाऊ लागली. पाणी आणायची एक खेप, जीवाणी परत सोडायची दुसरी. तेव्हापासून कागदात ज्याचं नाव येईल त्याचा अंगठा मी घेतो. बैल गेला आणि झोपा केला.

चार वर्षांनी भुजबली थकून गावी आला. मीच त्याला बहिणीकडं घेऊन गेलो. तिनं तांब्या पुढं केला. तो पोटभर प्याला आणि म्हणाला, "आपल्या विहिरीची चव निराळीच, आक्का."

"बस्तीच्या आडाचं हाय," ती म्हणाली. जीवाणीची लोटी उचलली. "बस तू. ही सोडून येते."

त्याला उमगलं. उठून तडक धनपालच्या दारात गेला. "मोट काढ."

धनपालनं शांतपणे कागद आणून दाखवला. "अण्णा, सही तुमचीच हाय."

भुजबली माघारी वळला. बाळाबाई तोवर वाटेला लागली होती. त्यानं तिला गाठलं आणि लोटीला हात घातला. "आण, मी सोडतो."

"ऱ्हाऊ दे. हे माझं काम हाय. दुसऱ्यानं करून भागत न्हाय," ती म्हणाली.

मग दीड मैल तो रिकाम्या हातानं तिच्या मागून चालत गेला.