पेंटरचा चावीवाला

उडणारा माणूस दिसला की पेंटरचं डोकं फिरायचं. शहापुरातल्या माझ्या फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर तो बसायचा. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर पोराशेजारी झगा फडकवणारा सुपरहिरो हवा, असं गिऱ्हाईक सांगे. पेंटर त्या हिरोला खुशाल एसटीच्या रांगेत उभा करी. गिऱ्हाईक माझ्याशी भांडे, मी पेंटरवर ओरडे. तो म्हणे, "शेठ, रांगेत उभा राहिला तर झिजतो काय तो?"

त्याचा पाडा डोळखांबच्या डोंगरात. खाली धरण, धरणाचं पाणी पाइपातून शहराला, आणि पाड्यावर उन्हाळ्यात टँकर. त्यातूनच त्याला चित्रकथेसाठी चावीवाला सुचला. टक्कल, बनियन, खांद्यावर पाइपाचा व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी चावी. सुपरहिरो शहर वाचवायला निघत, वाटेत पाड्यावर मारामाऱ्या करत, घरं मोडत आणि मागे वळूनही बघत नसत. मग चावीवाला त्यांचं पाणी तोडी. फुकट गेलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर पेंटर हे सगळं काढायचा. अंगाला साबण लावून कोरड्या नळाखाली ताटकळलेला हिरो बघून मी दुकानात एकटाच खो खो हसलो होतो.

"शेवटी याला सुधारशील ना रे?" मी विचारलं.

"तो बिघडलाय कुठं, शेठ? त्याचा पाडा कोरडा हाय."

मुंबईच्या एका प्रकाशकाकडे मीच त्याला नेलं. किन्हवलीच्या बाजारात कपडे विकून वर आलेला माणूस मी, बोलणी माझ्याकडे. त्यांना सगळं पसंत होतं. फक्त शेवटी चावीवाल्याने माफी मागून, झगा घालून सुपरहिरोंना सामील व्हावं. मी घासाघीस केली. माफी उडवली, झगा उडवला, नुसत्या हात मिळवण्यावर आणून ठेवलं. तेवढ्यात पेंटर पत्रिका पिशवीत भरू लागला. "एवढं सोडून काय पण बदला," म्हणाला. चित्रांचे फोटो मात्र त्यांनी आधीच काढून घेतले होते.

वर्षभराने पुस्तक आलं. टक्कल तेच, चावी तीच, वर नाव भलत्याचं. शेवटच्या पानावर चावीवाला झगा घालून शहरावरून उडत होता. मी पेटलो. "चल, आत्ताच्या आत्ता! एकेकाची कॉलर धरतो!"

पेंटरने पुस्तक चाळून टेबलावर ठेवलं. "जाऊ द्या. हा आपला नाय. ह्याला उडता येतं."

मग त्याने कामच सोडलं. त्या प्रकाशकाला मी आजही सोडायला तयार नाही. पण वकील मूळ चित्रं मागतो, आणि ती पेंटरने चुलीत घातली.

गेल्या उन्हाळ्यात तो मुरबाडला भेटला, गोदामावर पोती वाहताना. मी म्हटलं, "पुन्हा काढ. शेवट तुझ्या मनासारखा. मी छापतो."

त्याने घाम पुसला. "पाड्यातली पोरं तेच पुस्तक वाचतात, शेठ. चावीवाला उडतो म्हणून तर त्यांना आवडतो."

आणि पुढचं पोतं पाठीवर घ्यायला वाकला.