अण्णांचं अमेरिकन गाणं

एकच गाणं गाऊन आख्ख्या गल्लीला दमवणारा माणूस चामराजपेटेत माझ्या घरमालकांखेरीज दुसरा झाला नसेल. सगळे त्यांना अण्णा म्हणत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी नोकरीसाठी पुण्याहून कानडी मुलखातल्या या शहरात आलो आणि त्यांच्या माडीवर राहिलो. महादेवपुऱ्यातल्या ऑफिसातून बस बदलत, अंगातलं त्राण संपवून परतावं, तर जिन्यातच त्यांचा खर्जातला आवाज अडवायचा. गाणं अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतलं, जुनं. शहराला कंटाळलेला एक गडी आगगाडीने गावी निघतो, एवढंच त्यात. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात यंत्रं बसवायला आलेल्या एका अमेरिकन इंजिनियरकडून अण्णांनी ते उचललं होतं.

ते गाणं जन्मलं कसं, हेही ते सांगत. लिहिणारा कधी ट्रक ड्रायव्हर असे, कधी कैदी, कधी खाणकामगार. दमलेला मात्र दर वेळी. "स्वल्प बस रे," असं कानडी वळणाच्या मराठीत म्हणत मला पायरीवर बसवत. "इतकी वर्षं हे टिकलं का, सांग? ऐकणारा जो तो घरापासून लांब असतो." कोपऱ्यावरची फुलवाली अक्कासुद्धा अर्थ न कळता ती चाल गुणगुणत गजरे ओवायची.

एकदा वैतागून मी विचारलं, "अण्णा, तुमचं गाव कुठलं?"

त्यांनी सांगितलं ते असं: घराणं शेकडो वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर आलेलं. साताऱ्याकडच्या एका गावाचं नाव तेवढं घरात उरलेलं. मग हळूच म्हणाले, "नेशील का?"

दिवाळीच्या सुट्टीत नेलं. देवळापाशी बसलेल्या म्हाताऱ्यांनी आडनाव ऐकून माना हलवल्या. "या नावाचं हितं कुणी नव्हतं, पाव्हणं," एक जण म्हणाला. "सरी, सरी," 'बरं' म्हणायचं ते अण्णा कानडीत पुटपुटले, तशी भोवतीची पोरं फिदीफिदी हसली. म्हाताऱ्याने त्यांना दटावलं, आम्हाला चहा पाजला आणि मायेने विचारलं, "कर्नाटकातलं का तुमी?"

अण्णांनी कप खाली ठेवला. "हो," म्हणाले.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले. बाहेर दुपारच्या उन्हात ऊस मागे पडत होता. बेळगाव ओलांडल्यावर एकदम म्हणाले, "ते गाणं लिहिणारा गावी कधी गेलाच नसणार बघ. गेला असता तर लिहिलं नसतं."

मग माझ्या खांद्यावर मान टाकून झोपले. मीही थकलो होतो, हाताला मुंग्या आल्या होत्या. पण धारवाड येईपर्यंत हललो नाही.