साखर चाखणारे कारखानीसकाका

कारखानीसकाका कुणाकडेही चहाला गेले, की चिमूटभर साखर तळहातावर घेऊन आधी चाखत आणि मगच कपात घालत. डब्यावर ठसठशीत 'साखर' लिहिलेलं असलं तरी. घरची बाई फुगायची. काका शांतपणे म्हणायचे, "वहिनी, नाव डब्यावर असतं, माल आत असतो. पहले देखो, फिर मानो!"

उभी नोकरी कारखान्याच्या तपासणी विभागात झालेली, तिथली ही खोड. निवृत्तीनंतर अयोध्या नगरात घर बांधलं, पण वेळ जाईना. म्हणून कारखान्याच्या टाउनशिपमधल्या क्लबात वेबसाइट बनवायला शिकवणारा वर्ग होता, त्यात येऊन बसले, नेमके माझ्या शेजारी. मी विशीतली आणि अतिशहाणी. प्रोग्राम अडला की मी क्वेरी, म्हणजे साठवलेल्या माहितीतून हवं ते मागणारी ओळ, दहादा वाचत बसायची. काका म्हणायचे, "अरे भई, क्वेरीकडे काय टक लावून बघतेस? तिच्यात जे व्हेरिएबल घातलंस, तोही एक डबाच, त्याच्या पोटात काय आहे ते छाप की पडद्यावर. आणि कंसात छाप, म्हणजे काठ दिसतील." मला हे म्हातारपणाचे चोचले वाटायचे.

पुढे मी टाउनशिपच्या रक्तदात्यांचं पान केलं. रक्तगटावर क्लिक केलं की दात्यांची नावं येत. माझा ओ निगेटिव्ह तपासला, नावं आली, मी पेढे वाटले.

महिन्याभरात काकूंचं ऑपरेशन निघालं. बी पॉझिटिव्ह रक्त हवं होतं. काका दवाखान्यातून थेट माझ्याकडे आले. मी क्लिक केलं. 'एकही दाता नाही.' काकांनी स्वतः त्या गटातली चार नावं मला आणून दिली होती!

"क्वेरी बरोबर आहे हो, काका." मला रडूच फुटलं.

"असेल. छाप."

छापलं. [B ]. अधिकचं चिन्ह गायब, तिथे नुसती मोकळी जागा. लिंकच्या पत्त्यात रक्तगट मी हाताने लिहिला होता, आणि वेबच्या पत्त्यात अधिकचं चिन्ह मोकळी जागा धरलं जातं. उणे तसंच राहतं, म्हणून माझा गट पास झाला होता. अधिकच्या जागी त्याची पत्त्यात चालणारी खूण %2B लिहिली आणि नावं भराभर उतरली. कंस नसता तर ती जागा मला जन्मात दिसली नसती. संध्याकाळपर्यंत तिघे रक्त देऊन गेले. काकू बऱ्या झाल्या. माझी मात्र चांगलीच जिरली.

काही वर्षांनी दोघं मुलाकडे पुण्याला निघाले. आदल्या दिवशी माझ्याकडे चहाला आले, तीच काकांची शेवटची भेट. मी डबा पुढे केला. काकांनी झाकण काढलं, सरळ दोन चमचे कपात घातले आणि ढवळू लागले.

"काका, चाखली नाहीत?"

"तू चाखली असशीलच."

चाखली होती.