उलटा शिवलेला झेंडा

निजामाचं राज्य जाऊन पन्नास वर्षं होत होती, त्या सप्टेंबरातली गोष्ट. चौसाळ्याच्या अलीकडे हायवेला लागून आमचं किराणा दुकान, मागे घर. सतरा तारखेच्या कार्यक्रमाला गावातला जुना झेंडा शाळेच्या भिंतीवर लावायचं ठरलं. जुना झेंडा म्हणजे माझ्या सासूबाईंनी निजामाच्या काळात दार लावून घेऊन हातानं शिवलेला. माझे सासरे तो घेऊन निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पात गेले. पुढे एका सोबत्यानं झेंडा आणून दिला, सासऱ्यांचा मात्र ठावठिकाणा कधी लागला नाही. सासूबाईंनी कुंकू पुसलं नाही. लोकही बोलून बोलून थकले.

आदल्या दिवशी गावातली तरणी पोरं झेंडा न्यायला आली. सासूबाईंनी पेटीतून काढून तो पलंगावर पसरला. हिरवा पट्टा वर होता, भगवा खाली. मधल्या पांढऱ्यावर निळ्या दोऱ्याचा चरखा.

एकानं आमच्याच दुकानातली प्लास्टिकच्या झेंड्यांची माळ ओढून शेजारी धरली. "आजी, हिरवं वर कावून?"

त्या वर्षांत हा प्रश्न साधा राहिला नव्हता. दारात गर्दी वाढत होती.

शाळेतले गुरुजी मध्ये पडले. म्हणाले, झेंडा काही एका दिवसात ठरला नाही. आधी पांढरा वर होता, मग भगवा वर आला. कुठला रंग कुणाचा यावरून मोठमोठे लोक भांडले. शेवटी चरखा जाऊन चक्र आलं, त्यावरही वाद झाला.

"मंग हिरवं कवा वर हुतं?"

"चरख्याच्या झेंड्यात तरी कधीच नव्हतं," गुरुजी म्हणाले. मला त्यांचा असा राग आला! इतकं खरं बोलायची ही वेळ होती का?

उलटा धरावा तर चरख्याचे पाय वर. तेवढ्यात कुणीतरी शिंप्याला घेऊन आलं. पट्टे उसवून नीट लावायचे, संध्याकाळपर्यंत काम होईल, असं ठरूनही गेलं. मी म्हटलं, हात लावायचा नाही.

"वहिनी, तुमी मधी पडू नका. उद्या साहेब येनार हायेत. गावाच्या इज्जतीचा सवाल हाय."

शिंप्यानं कात्री काढली आणि सासूबाईंकडे बघितलं.

"आमी कुठं झेंडा बघितला हुता?" त्या म्हणाल्या. "तीन रंग अन् चरखा, एवढं ऐकून शिवला. हिरवं माझ्या लग्नातल्या लुगड्याचं. ह्यांनी बघितला अन् लई हसले. म्हनले, उलटा झालाय. मी म्हनलं, थांबा, उसवते. तर म्हनले, आता येळ न्हाई, आल्यावर उसव."

त्यांनी शिवणीवरून बोट फिरवलं. "म्हनून तसाच ठिवलाय."

शिंप्यानं कात्री खिशात घातली. मला रडू आवरेना, म्हणून मी चहा ठेवायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी झेंडा तसाच भिंतीवर लागला. बघायला आलेला प्रत्येकजण विचारत होता. माळ ओढणारा पोरगा सकाळपासून त्याच्याजवळ उभा होता आणि साहेबांपासून सगळ्यांना एकच सांगत होता, "आजोबा आल्यावर आजी सरळ करनार हाय."