जोरमास्तरांची रेघ

पहाटे शंभर जोर आणि दोनशे बैठका काढल्याशिवाय जोरमास्तर कुंचल्याला हात लावत नसत. हा नेम माझ्या माहितीत एकदाच मोडला, आणि तो मी मोडायला लावला. हसनाबादच्या शाळेत ते चित्रकला शिकवत, मी गणित. दोघांत मिळून एक पत्र्याची खोली होती. त्यांच्या बैठकांनी माझी खाट हादरायची आणि मी डोक्यावर उशी घेऊन मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो. घाम पैलवानानं गाळावा, चित्रकारानं कशाला?

“अंगातली रग जिरल्याबिगर रेघ सरळ येत न्हाई, सर,” असं ते म्हणत. चित्र अडलं की पायात चपला सरकवून शेतांच्या कडेनं चालत सुटत. परत येत ते थेट कागदाकडेच. वहीत नुसत्या हातानं वर्तुळ काढून देत, आणि मी खोडसाळपणे कंपास लावून बघे. खोट काही सापडत नसे.

त्या वर्षी केदारखेड्याच्या वाटेवरच्या एका वस्तीनं श्रमदानातून विहार बांधला. समोरच्या भिंतीवर बुद्धाचं मोठं चित्र काढायचं मास्तरांनी कबूल केलं. मोबदला घेणार नव्हते. मी कारण विचारलं, तर आधी कुंचला धुऊन ठेवला. मग म्हणाले, “आमच्या मायनं घरातले देव नदीत सोडले, तवा मी बारा वर्साचा होतो. कोपरा रिकामा झाल्ता. त्या कोपऱ्याकडं बघून राह्यलो मी, आजवर.”

जालन्याहून रंग यायला उशीर झाला. अंगावरचं चीवर, हात, पिंपळाची पानं झाली, तेव्हा बुद्धपौर्णिमा सहा दिवसांवर होती आणि चेहरा तेवढा राहिला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीचे दिवस. दुपारनंतर भिंत तव्यासारखी तापे, म्हणून काम सकाळीच व्हायचं. आता गणिताचा मास्तर गप्प कसा बसेल? मी हिशेब मांडला. व्यायामाचा एक तास, पायी जाण्याचे दीड तास. म्हटलं, “मास्तर, पाच-सहा दिवस जोर राहू द्या. मी सायकलवर डबलसीट सोडतो. दोन तास तरी वाचतील.” त्यांना पटलं नव्हतं, पण दिवस मोजून ते हो म्हणाले.

पहिल्या दिवशी चेहरा पुरा झाला. गयाबाई म्हणून एक म्हातारी होती, विहाराच्या पायाचे दगड तिनं डोक्यावर वाहिलेले. ती भिंतीसमोर उभी राहिली आणि चाचरत म्हणाली, “मास्तर, ह्यो तर रागावल्यावानी दिसून राह्यला.” मास्तरांनी मागं सरून पाहिलं. खरंच होतं. डोळे मिटलेले, पण भुवयांत आठी. त्यांनी स्वतःच्या हातानं चेहऱ्यावर चुना फिरवला.

दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तर जबडा आवळलेला आला; त्याच्यावरही चुना फिरला. मास्तरांना जेवण जाईना. सायकलवर माझ्यामागं बसत तेव्हा त्यांच्या श्वासाची धाप ऐकू येई, आणि पायडल तर मी मारत होतो! वस्तीतली तरुण मंडळी आपसांत बोलू लागली, “शाळेत नकाशे काढणारा मानूस ह्यो. परवा पौर्णिमेला भंतेजी येनार. त्यापेक्षा सगळी भिंत पांढरी करू.” मास्तरांनी ते ऐकलं. मला तर त्यांच्याकडे बघवेना.

पौर्णिमेच्या आदल्या पहाटे माझी खाट हादरली. मास्तर बैठका काढत होते. मी ओरडलो, “मास्तर, उद्या पौर्णिमा आहे! वेळ कुठंय?” ते आकडे मोजताना कधीच बोलत नसत. दोनशे पुरे केले, मग जोर, मग अंगावर पाणी घेतलं आणि वाटेला लागले. मी सायकल हातात धरून मागोमाग चाललो. जीव नुसता टांगणीला लागला होता.

पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. दारात दोघं तरुण चुन्याची बादली घेऊन उभे होते. “मास्तर, आता राहू द्या,” एकजण म्हणाला. “एक घंटा द्या. मंग बिलकुल अडवनार न्हाई,” एवढंच बोलून मास्तर शिडी चढले. नाक, ओठ, कान झाले. डोळे राहिले. त्यांनी श्वास सोडला आणि कुंचला न उचलता डावी पापणी ओढली. मग उजवी. मी कंपासवाला माणूस, पण त्या दोन रेघांपुढं माझे हात आपोआप जोडले गेले.

मास्तर खाली उतरले. गयाबाई भिंतीसमोर येऊन उभी राहिली. मग मागं पोरांचा एकदम गलका झाला आणि गयाबाई वळून त्यांच्यावर डाफरली, “हळू बोला रे! ध्यानात बसलाय त्यो.”

मास्तरांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. खांदे हलत होते.

पुढच्या वर्षी त्यांची परतूरला बदली झाली. वळकटी खांद्यावर घेऊन निघाले तेव्हा मी सायकल काढली. “येष्टीला टाइम हाय, सर. पायीच चला,” ते म्हणाले. स्टँडपर्यंत दोघं चालत गेलो. ती शेवटची भेट.

काही वर्षांनी परतूरहून मास्तर वारल्याचं पत्र आलं. ते खिशात घालून मी वस्तीवर निघालो, पायीच. दीड तास लागला. विहारात दहा-बारा माणसं बसली होती. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं म्हणून मी तोंड उघडलं, आणि समोर त्या दोन पापण्या दिसल्या.

मास्तर गेले, हे मी हळूच सांगितलं.