पाण्याची वेळ

वैजयंतीने आपली उशी नव्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर ठेवली. प्रीतमने ती उचलून मागच्या सीटवर टाकली.

"काकी, लांबचा पल्ला हाय. तू मागं आरामात बस."

याच उशीवर बसून वैजयंतीने घणसोलीत सोळा वर्षं शाळेची व्हॅन चालवली होती. उंची कमी, म्हणून उशी. गावठाणातल्या ज्या गल्लीत दोन रिक्षा समोरासमोर आल्या की भांडण पेटतं, त्या गल्लीतून ती नऊ पोरांसकट व्हॅन रिव्हर्स काढायची. या जूनअखेरीस तिने पहिल्यांदाच पंधरा दिवसांची रजा घेतली होती. पोरं दुसऱ्या व्हॅनवाल्या हरेशकडे सोपवली होती.

जायचं होतं थेट हिमालयात, स्पितीला. बेत पुतण्याचा, प्रीतमचा, आणि त्याच्या ऑफिसातल्या अलिशाचा. गाडी दोघं आळीपाळीने चालवणार होती. काकीला का घेतलं, हे काकीला ठाऊक होतं. कोपरखैरण्याहून अलिशाच्या अम्मीचा फोन आला होता: "तुमी असाल तर पोरीला पाठवते."

म्हणजे राखणदार म्हणून. वैजयंती हो म्हणाली. पण तिला त्या डोंगरात गाडी चालवायची होती. एकदा तरी.

शनिवारी संध्याकाळी दारात सामान मांडलं. ओढायचा दोर, हवेचा पंप, पेट्रोलचा कॅन, औषधं. वैजयंतीने त्यात सुकटाची बरणी ठेवली.

"काकी, गाडीत वास मारेल!"

"शंभर मैलांत मानूस दिसनार नाय म्हनतोस. मग वास कोनाला येनार?"

अलिशा हसली. "राहू दे रे. माझ्या आजीकडे याहून जास्त वासाची असते."

प्रीतमने मोबाइलवरून बेत वाचायला घेतला. "पाचवा दिवस. मनालीला मस्त नाश्ता करून नऊला निघायचं. दुपारी तीनला मोठा नाला. पूल नाय, पानी रस्त्यावरूनच वाहतं. तो पार केला की…"

"त्याला पानी कवा भरतं?" वैजयंतीने विचारलं.

"काय?"

"पान्याची येल काय?"

"काकी, ती खाडी नाय. हजारो फुटांवर भरती कसली येनार?"

"बरफ हाय ना वर? ऊन चढलं का वितळल ना? मंग तुज्या तीनलाच भरती."

प्रीतम हसला. अलिशा मात्र हसली नाही.

वैजयंतीचा बाप देवजी मिठागरावर कामाला होता. वाटेत खाडीचा फाटा चालत ओलांडावा लागे. बारा वर्षांची असताना ती पाण्याची वेळ न विचारता चिंबोऱ्या, खाडीतले खेकडे, आणायला गेली. परतताना पाणी छातीला लागलं. टोपली वाहून गेली, ती कशीबशी काठाला आली. देवजीने मारलं नाही. एवढंच म्हणाला, "पानी नवं दिसलं का आदी त्याची येल इचारायची."

अलिशाने स्पितीतल्या काझा गावी जिथे उतरायचं होतं त्या लॉजच्या मालकाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"तीन बजे?" तो जवळजवळ ओरडलाच. "मॅडम, तीन बजे तो गाड़ी बह जाएगी. रात को नाले के इधर ही रुकना. सुबह सात बजे पार करना, पानी घुटने से नीचे रहेगा." मग जरा थांबून त्याने विचारलं, "आपके साथ कोई पहाड़ का आदमी है क्या?"

अलिशाने वैजयंतीकडे पाहिलं. "नहीं भाईसाब. हमारे साथ घणसोली की काकी है."

फोन बंद झाला. वैजयंती सुकटाच्या बरणीचं झाकण घट्ट करत राहिली. झाकण आधीच घट्ट होतं. तिची मान मात्र ताठ झाली होती.

प्रीतमने पाचवा दिवस खोडून नव्याने लिहिला. रात्री नाल्याच्या अलीकडे मुक्काम. सहाव्या दिवशी सकाळी सात, नाला. पुढे 'ड्रायव्हर' लिहून तो थांबला.

"काकी, त्या नाल्यातून गाडी कोन काढनार?"

"ज्याला पानी कळतं तो."

प्रीतम उठला. मागच्या सीटवरची उशी आणून त्याने ड्रायव्हरच्या सीटवर ठेवली, वरून थोपटून नीट बसवली.

"आन मी कुठं बसू?"

"मागं," वैजयंती म्हणाली आणि बरणी त्याच्या हातात दिली. "ही मांडीवर घे. सांडू नको."